भावजींचा हिरवा बावटा

भिण्याच्या बाबतीत आमच्या भावजींचा हात धरणारा माणूस अख्ख्या वसईत सापडणार नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्म पाचूबंदरच्या कोळ्यांच्या घरातला, पण पाण्याची भीती, म्हणून राहायला समुद्रापासून आत, पापडीत. लिफ्टला भितात, नारळाखालून जाताना वर बघत चालतात, आणि गॅस बंद आहे ना, हे ऑफिसातून फोन करून विचारतात. "बंद आहे, आणि मीही जिवंत आहे," ताई सांगते.

हाच माणूस मच्छीमारांच्या संस्थेची वेबसाइट सांभाळतो. तिच्यावर रोज बावटा दिसतो: हिरवा म्हणजे समुद्रात जा, लाल म्हणजे जाऊ नका. अध्यक्षांनी उद्घाटनाला तिला 'डिजिटल दीपस्तंभ' म्हटलं होतं. त्यांनी स्वतः ती कधी उघडली नाही. भावजी मात्र सर्व्हरवरची एक ओळ बदलायची तरी आधी देवाला हात जोडतात. आयुष्यात एकदाच ते धीट झाले. सर्व्हर प्रत्येक फाइलीबरोबर एक सूचना धाडतो, तिला हेडर म्हणतात. खोल समुद्रात रेंज नसते, म्हणून भावजींनी हेडरमध्ये फोनांसाठी लिहिलं: बावट्याची स्क्रिप्ट, म्हणजे बावटा दाखवणारी फाइल, वर्षभर जवळ ठेवा, पुन्हा मागू नका. बावट्याचा रंगही त्याच स्क्रिप्टमध्ये होता, हे ते विसरले.

लगेचच वादळाचा इशारा आला. भावजींनी रंग लाल केला आणि धाकट्या भावाला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"बोट काढू नको. लाल आहे."

"काय दादा, हिरवा हाय. तुजाच बावटा बघतोय. पानी पन शांत हाय. निघालो आमी."

रेंज गेली. भावजींनी हेडर बदललं, पण फोन आता वर्षभर काही विचारायलाच येणार नव्हते. स्क्रिप्टचं नाव बदललं तर फोन ती नवी समजून मागतील, हे नंतर सुचलं. रेंज नसलेल्या फोनला त्याचा तरी काय उपयोग? एरवी माझ्या स्कूटरवर "सावकाश, सावकाश" म्हणणारे भावजी पाचूबंदरपर्यंत "अजून जोरात" एवढंच म्हणत होते. वारा सुटला होता. ते गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि त्यांना ते कळलंही नाही. अंधारता अंधारता बोट आली. बोट हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाला ढग पटले नव्हते, म्हणून त्याने ती वळवली होती. भावाने फोन दाखवला. बावटा अजून हिरवाच.

आता हेडर सांगतं, स्क्रिप्ट जपू नका, दर वेळी नवी मागा. तरी रंग बदलला की भावजी भावाला विचारतात, "कुठला दिसतो?" तो शेजारी जेवायला बसलेला असला तरी विचारतात. तो हसत फोन काढतो, नीट बघतो, "लाल हाय, दादा." मगच भावजी भात कालवायला घेतात.