काठालगत विणलेलं नाव

नावांवर लिहायला बसले आहे आणि कुणाचंही नाव सांगणार नाही. माझं तर मुळीच नाही. आमच्या पवनीत त्या नावाचे तेव्हा सात पुरुष होते आणि बाई मी एकटीच. लिहिलं की संपलं, दुसऱ्या दिवशी अख्खी आळी दारात. एवढंच सांगते की नाव पुरुषाचं आहे. दोघांनाही चालेल अशातलं नव्हे, चक्क मिशीवालं.

या नावानं मला आयुष्यभर करमणूक पुरवली. शाळेत नवे गुरुजी हजेरी घेताना माझं नाव पुकारून मुलांच्या रांगेकडे बघत बसायचे आणि मी मुलींच्या रांगेतून ओरडायचे. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी स्थळाचं पत्र वाचून उलट टपाली कळवलं, की मुलीच्या भावाचं नाव मिळालं, मुलीचं लिहायचं राहिलंय. पुढे मी मोहाडीकडे शिक्षिका झाले. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा कुठल्या कुठल्या याद्या नव्यानं लिहिल्या गेल्या. माझ्या नावाला लावलेलं ‘श्रीमती’ ही आधीच्या कारकुनाची चूक आहे, असं समजून कुणा भल्या माणसानं ती सुधारून टाकली. त्यानंतरच्या निवडणुकीत बाकीच्या शिक्षिकांना जवळची केंद्रं मिळाली आणि मला, ‘श्री’ असल्यामुळे, नाकाडोंगरीपलीकडचं जंगलालगतचं. जीपजवळ गेले तर तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, तुमचे मिस्टर नाही आले काय?” मी म्हटलं, “मीच माहा मिस्टर होय, चला.”

तर हे नाव मला कसं मिळालं त्याची घरात एक गोष्ट होती. बाबा विणकर. घरातल्या खड्डामागावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, करवतकाठी लुगडी विणायचे. घरात बाळ व्हायचं असलं की उरल्यासुरल्या कोशातून पाळण्यात अंथरायला एक लहानसं वस्त्र विणायची आमच्याकडे रीत होती. त्याच्या काठाला लागून बाळाचं नाव विणायचं, कापडाच्या लांबीत, एकापुढे एक अक्षर, अक्षरांवरची रेघ काठातच मिसळलेली. शहाणे विणकर बारसं जवळ येईपर्यंत नावापुरता भाग विणायचा बाकी ठेवत. माझ्या वेळी मात्र आईच्या पोटाकडे बघून आळीतल्या यच्चयावत बायकांनी मुलगाच म्हणून सांगितलं आणि बाबांनी मुलाचं नाव विणून टाकलं. मग मी आले. आजी म्हणाली, धागे काढ आणि दुसरं नाव घाल. बाबा म्हणाले, “विणलेलं मी उकलत नाही.” झालं. कापड वाचलं आणि मी मिशीवाली झाले.

ही गोष्ट प्रत्येक लग्नाकार्यात निघायची आणि सगळ्यात रंगवून मीच सांगायची. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझं मन मात्र त्या हसण्यात कधी पूर्ण नसायचं. ते नाव एका न आलेल्या मुलाचं होतं आणि मी ते दुसऱ्याच्या मापाच्या सदऱ्यासारखं वापरत होते. हे मी कुणाला बोलले नाही. बोलायचं काय त्यात? नावाला कुणी रडतं का?

जिल्हा वेगळा झाल्यानंतर एक-दोन वर्षांतच धाकट्या भावाला मुलगी झाली. मे महिना होता, शाळेला सुट्टी म्हणून मी माहेरी आले होते. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली होती आणि भावजयीला माहेरी करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच आणि करणारी मी. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, धुरी, सगळं मीच. वर आत्या म्हणून नाव ठेवायचा हक्कही माझा. त्या हक्काचा मी पुरेपूर कैफ चढवून घेतला होता. दोनशे पानी वहीत नावांची यादी केली होती. त्यात फुलं होती, नद्या होत्या, नक्षत्रं होती, सगळी नाजूक, सगळी नक्की मुलींची. कोणत्याही कारकुनाला शंका येऊ नये अशी. रोज सकाळी एक नाव पक्कं व्हायचं आणि संध्याकाळी रद्द.

मागावर बाबांनी पाळण्याचं वस्त्र विणत आणलं होतं. शेवटची दीड वीत बाकी ठेवून ते थांबले होते.

“नाव सांग, मंग बाकीचं विणतो,” रोज एकदा म्हणायचे.

“सांगतो ना बाबा. घाई कायले करून राहिले?” (आमच्या बोलीत बायकाही ‘सांगतो’च म्हणतात.)

“मी कुठं घाई करून राहिलो? कोसा वाट पाहून राहिला.”

दहाव्या दिवशी दुपारी भावजयीच्या डोक्याला तेल लावत होते. ती हळूच म्हणाली, “ताई, तुमच्यासारखं ठेवा ना एखादं.”

“माह्यासारखं म्हंजे?”

“दमदार. पोट्ट्याचं असलं त काय झालं?” मग तिनं सांगितलं, “आमी पाच बहिणी. पाचींची नावं एकाच सुरातली. एकीले हाक मारली का पाचीजणी धावून जायचो. तुमचं नाव घेतलं का तुमीच वळता.”

“मी वळतो, अन् माह्यासंगं सात माणसं बी,” मी म्हटलं. ती हसली. एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही, आणि तिचं ते कौतुक मला कुठेतरी झोंबलं. “हासणं सोपं आहे व,” मी बोलून गेले. “ते नाव माहं नव्हतंच कधी. जो पोरगा येणार होता, त्याचं होतं ते. तो आला नाही म्हणून मले चिकटवलं. ह्या पोरीले मी तसं होऊ देणार नाही.”

पलीकडच्या खोलीत बाबा रहाटावर धाग्याच्या कांड्या भरत होते. रहाट थांबला.

मी उठून गेले तोवर ते पायात चपला घालत होते. म्हटलं, जेवण? तर म्हणाले, भूक नाही. आणि नदीच्या घाटाकडे निघून गेले. मी ओसरीवर बसून स्वतःला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. ज्या माणसानं मला डोक्यावर घेऊन वाढवलं, आळीत कुणी शिकत नव्हतं तेव्हा भंडाऱ्याला शिकायला ठेवलं, त्याला मी उतारवयात सांगितलं की तुम्ही माझ्यावर दुसऱ्याचं नाव लादलंत. आणि शब्द परत घ्यावा म्हटलं तर तेही खोटं झालं असतं, कारण मला खरंच तसं वाटत होतं. भावजय आतून तीनदा विचारून गेली, “आले काय बाबा?” दिवेलागणीला ते आले, जेवले आणि अंगणात खाट टाकून पडले.

अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला मागाजवळ बोलावलं. ते खड्ड्यात पाय सोडून बसले होते. हातात विणायचा धोटा होता, पण चालवत नव्हते.

“तू आली तवा किती विणून झालं होतं, ठाऊक आहे तुले?”

“पूर्ण नाव.”

“कोणं सांगतलं?”

“आजीनं. तुमीच त सांगतलं होतं तिले.”

“हो, मीच सांगतलं.” ते मान खाली घालून हसले. “एक अक्षर झालं होतं. एकच. त्या अक्षरावर पोरीची का नावं कमी होती? चार त तुह्या आजीनंच मोजून देल्ली असती. मी आत गेलो, तुले पाह्यलं. तू मुठी आवळून सगळ्या घरावर कावून राहिली होती. मी वापस येऊन बसलो अन् बाकीचं नाव विणलं. मंग तुह्या आजीले सांगतलं, आधीच विणून झालं, आता उकलत नाही.”

“काहून पण?”

“तिच्या तोंडाले कोण लागते?”

“तसं नाही. तेच नाव काहून?”

त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाले, “मले ते नाव आवडलं होतं. अन् तू बी आवडली. मंग दोनी येगळं कायले करू?”

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. भोकाड पसरून, म्हणजे भाऊ बाहेरून धावत आला, इतकं. तो बिचारा विचारतोय काय झालं, काय झालं, आणि मी हसतेय. तीस वर्षं मी ज्या मुलाचा सदरा घालून फिरत होते तो मुलगा कधी नव्हताच. नाव माझ्यासाठीच विणलं होतं, मला बघून, माझ्या रागीट तोंडावरून. आणि या माणसानं आपल्या आईच्या बोलण्यातून सुटायला ते कापडाच्या माथी मारलं आणि मग ती थाप होती हे सांगायला विसरून गेला!

“आता बोल,” बाबा म्हणाले. “पोरीचं काय?”

यादीची वही आणायला उठले आणि थांबले. खरं सांगते, मला लाज वाटली. अकरा दिवस मी त्या मुलीला न्हाऊ घालत होते, टाळू भरत होते, दुपट्यात गुंडाळत होते आणि मनात वहीची पानं उलटत होते. मी यादी पाहिली होती, मुलगी पाहिली नव्हती.

“तासाभरानं सांगतो,” म्हटलं आणि आत गेले.

ती जागी होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि नुसती बघत बसले. ती रडणारी नव्हती. कपाळाला बारीक आठी घालून तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही नवी जन्मलेली मीच. मग कंटाळून छपराकडे पाहिलं, कौलातून आलेल्या कवडशाकडे पाहिलं आणि तो सरकला तशी मान वळवायचा प्रयत्न करत राहिली. मान काही वळेना, पण तिनं हट्ट सोडला नाही. एक नाव मनात आलं. यादीत नसलेलं, जुनं, पुरुषाचं. माझ्या ओळखीत कुणाचंही नव्हतं. मी भावजयीच्या कानात सांगितलं. तिनं ते दोनदा हळू म्हणून पाहिलं आणि म्हणाली, “हो. हिचंच आहे.”

बाबांना सांगितलं तेव्हा ते एकदम चमकून माझ्याकडे बघू लागले, काहीतरी बोलणार होते, पण गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, “विणतो.” दुपारभर धोटा चालला.

बारशाला घर फुलून गेलं. बायका आत, पुरुष ओसरीवर. आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, मग बाळ. बातमी फुटलीच होती. शेजारच्या काकींनी पाळण्याखालून बाळ माझ्या हातात देता देता सुनावलं, “पोरीले पोट्ट्याचं नाव ठेवून राहिली म्हणे? शोभते काय? हं, गोविंद घ्या!”

मी पाळण्यावरून बाळ त्यांच्याकडे दिलं. “गोपाळ घ्या! काकी, तुमीच आता तिले गोविंद म्हटलं.”

“ते त रीत आहे!”

“मंग हे बी आजपासून रीतच समजा.”

काकींना राग आला आणि हसूही आलं, आणि हसू जिंकलं. मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्रर्र केलं. पाठीत धपाटे पडायला लागले, काकींचा सगळ्यात जोरात. नाव कानात सांगितलं आणि मग ताठ उभी राहून साऱ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं.

“ओ!” ओसरीवरून कुणीतरी ओ दिली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दारात बाबांचे लंगोटीयार उभे होते, वैनगंगेवर मासे धरणारे. आळीभर त्यांना डोंगेवाले काका म्हणायचे. त्यांचं दुसरं काही नाव असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. बाबांना अर्थातच ठाऊक होतं. ते भिंतीला टेकून तोंडावर उपरणं धरून हसत होते.

“कोणं बलावलं मले?” काकांनी विचारलं.

मी पाळण्याकडे बोट दाखवलं. “हिचं नाव होय, काका.”

ते आत आले. बायकांनी वाट करून दिली. पाळण्यातल्या वस्त्रावरचं काठालगतचं नाव त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. मग नाव जिचं, तिच्याकडे बघितलं. ती जागीच होती, आठी घालून.

“माय मेल्यापासून ह्या नावानं मले कोणंच हाक मारली नाही,” काका म्हणाले. “मलेच वाटे, सरलं आता ते.”

“मंग?” काकींनी विचारलं. “नाव पोट्ट्याचं आहे का पोट्टीचं, आता तुमीच सांगा.”

काकांनी परत पाळण्यात पाहिलं. “मी सत्तर वर्षं वापरलं,” म्हणाले, “पण मले असं नव्हतं शोभलं.”