सलमाआपांचा धडा आणि माझी कात्री

मालेगावला जायचं ठरलं ते एका फोनवर. सलमाआपा तिथल्या मुलींच्या मदरशात अरबी काव्यातले अलंकार आणि रसग्रहण शिकवतात. घशाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं, आवाज राहील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. "त्याआधी धडे व्हिडिओत हवेत," त्यांची भाची म्हणाली. मी नाशिकात लग्नांचे व्हिडिओ करते. अरबीतलं ओ की ठो कळत नाही, पण नाही म्हणवेना.

सकाळी नाशिकच्या द्वारका चौकात एसटी पकडली. चांदवडला चहा, पुढे राहूड घाट, अडीच-तीन तासांत मालेगाव. गल्लीत शिरलं की यंत्रमागांची खडखड सुरू. जेवायला गरम नान आणि रस्सा घ्या, स्वस्तात पोट भरतं.

अट एकच होती, चेहरा दिसता कामा नये. म्हणून कॅमेरा फळ्यावर आणि आपांच्या हातावर. त्यांनी अरबी ओळ म्हटली, अर्थ सांगितला, "उसकी चौखट घिस गई है," म्हणजे त्याच्या घराचा उंबरा झिजलाय, आणि गप्प झाल्या. बराच वेळ. मग मागून एक मुलगी म्हणाली, "आपा, उसके घर मेहमान बहुत आते होंगे!" आपांचं बोट वर गेलं, म्हणजे उत्तर बरोबर.

दोन दिवस असेच धडे झाले. लॉजवर बसून मी लग्नाच्या सवयीने बोलण्यामधल्या सगळ्या रिकाम्या जागा छाटल्या आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात दाखवायला गेले.

आपांनी शेवटपर्यंत पाहिलं. "बेटा, सोचने की जगह कहाँ गई?"

मूळ चित्रीकरण पुसलंय हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आवाज तोवर पार बसला होता. "एक सबक हो जाएगा," एवढंच म्हणाल्या, आणि तो एक धडा पुन्हा घ्यायला मी कॅमेरा लावला.

त्या दिवशी सुट्टी, वर्ग रिकामा. उंबऱ्याच्या ओळीशी त्या पुन्हा थांबल्या. मी मूर्खासारखं विचारलं, "आपा, मुली तर नाहीत, मग थांबायचं कशाला?"

"आएँगी," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्या धड्याला मी हात लावला नाही, माझा प्रश्न आणि त्यांचं उत्तर तेवढं आवाजातून काढलं. बाकीच्या धड्यांचं माझ्या हातून वाटोळं झालं ते झालंच, आणि ते अजून सलतं.

ऑपरेशननंतर आपांचा आवाज परत आला नाही. परवा भाचीने वर्गातली क्लिप पाठवली. पडद्यावर ओळ संपते, आपांचा हात स्थिर, नुसती मागांची खडखड. एक मुलगी दबकत उत्तर देते. पडद्याशेजारी बसलेल्या आपांचं बोट वर जातं.