पडद्याची सूज उतरते तेव्हा

डोळ्याच्या डॉक्टरकडे किस्से कसे साठतात, सांगू? तपासणीआधी पेशंटच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचं औषध घालतात. मग तासभर त्याला जवळचं काही धड दिसत नाही, मोबाइलही बघता येत नाही. माणूस करणार काय? बोलतो!

मी पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा डॉक्टर. दवाखाना नांदेडला, गुरुवारी लातूर. माझ्याकडचा नेहमीचा आजार म्हणजे डोळ्यातली रक्तवाहिनी तुंबणं. बीपी-शुगर अंगावर काढली की एखाद्या सकाळी पडद्याला सूज आलेली असते आणि नजर धूसर. उपाय आहे : डोळ्यात इंजेक्शन, तेही पुन्हा पुन्हा. हे 'डोळ्यात' ऐकलं की समोरचा माणूस खुर्ची मागे सरकवतो.

*

लोह्याचे एक मामा म्हणाले, "डोळ्यात? दंडात द्या की, डॉक्टर! रक्त तर समद्या अंगात फिरतंच!"

कसंबसं टेबलावर घेतलं. बधिर करायचे थेंब घातले. मामांनी आमच्या सिस्टरचा हात असा आवळला की तीच कळवळली. इंजेक्शन देऊन झालं तरी यांचं चालूच, "हळू हां, हळू!"

"मामा, झालं."

"झालं? मंग दुसऱ्या डोळ्यातबी टाका की एक, आलोच हाय तं!"

*

उमरीच्या एका आजीला अक्षरओळख नव्हती. इंजेक्शनांनी किती फरक पडला, हे तक्त्यावर दाखवता येईना. ती आधीच कंटाळलेली.

"ते ऱ्हाऊ द्या," म्हणाली. "मागच्या महिन्यात आमचा म्हातारा भात खाताना रोज वरडायचा. खडा लागला, खडा लागला!"

"आणि आता?"

"आता गप जेवतो."

रिपोर्टमध्ये हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं, मला अजून कळलेलं नाही!

*

सगळ्यांचीच नजर येत नाही. देवणीच्या एका शेतकऱ्याला यायलाच उशीर झाला होता. सगळे उपाय केले. सूज उतरली, पण त्या डोळ्याची नजर परतली नाही. त्या दिवशी त्यांना हे सांगताना मीच अडखळलो.

तेच म्हणाले, "तोंड नका पाडू, डॉक्टर. एका बैलावर कोळपणी होती की."

"होते. पण त्या बैलाला जपावं लागेल. बीपीची गोळी चुकवायची नाही."

"हाव."

पुढच्या खेपेला बायको सोबत होती. मी तिला विचारलं, "गोळी घेतात का?"

"घेत्यात की! सकाळी उठले की वरडत्यात, 'बैलाला पेंड आण गं!'"

*

लातूरचे अप्पा कापडाचे व्यापारी. चार इंजेक्शनांत नजर स्वच्छ झाली आणि अप्पा गायब! परत आले ते भिंत चाचपत.

"दिसायला लागलं म्हणून थांबलो, डॉक्टरसाहेब."

मी चिडलो. "अप्पा, गिऱ्हाईक यायला लागलं म्हणून कुणी शटर पाडतं का?"

तेव्हापासून अप्पा तारखेच्या आधीच हजर असतात, आणि वेटिंगमध्ये नवा पेशंट दिसला की त्याला बजावतात, "शटर पाडू नका!" त्याला बिचाऱ्याला काही कळत नाही!

*

प्रयागबाई निलंग्याकडच्या. गोधड्या शिवणाऱ्या. एक डोळा आधीच अधू, आणि आजार झाला तो चांगल्या डोळ्याला. सुईत दोरा जाईना, शिवण बंद पडली, तशी बाई जेवेनाशी झाली.

तिचा नवरा एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. घरात फारसं न बोलणारा माणूस. तो रोज सकाळी चष्मा लावून ओसरीवर बसायला लागला. एकेक सुई ओवून उशीला टोचून ठेवायचा. बाई त्या दिवसभर पुरवायची. ती हाताच्या अंदाजाने शिवायची आणि हा शेजारी बसून टाका वाकडा गेला की सांगायचा. सांगता सांगता गप्पा रंगायच्या. हे सगळं बाईनंच मला लाजत लाजत सांगितलं.

इंजेक्शनं लागू पडली. परवा तपासलं, तर बाईनं बारीक अक्षरंही घडाघडा वाचली. मी खूश!

"आता सुई तुमची तुम्हीच ओवा!"

बाईनं दाराकडे पाहिलं. मग पुढं वाकून हळूच म्हणाली, "हे आमच्या ह्यांना सांगू नका."

तेवढ्यात काका आत आले. "डॉक्टर, हिला सुई दिसंल का आता?"

मी उगाच कागद चाळले. "अजून थोडा वेळ लागेल, काका."

काकांनी पिशवी काखोटीला मारली. "लागू द्या की! कुणाला घाई हाय?"