करपलेल्या भाकरी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांच्या पाट्या आल्या, साहेब आले, फक्त पाणी आलं नाही. दुष्काळाचं साल होतं. टँकरमागे घागर घेऊन धावण्यात सकाळ जायची आणि उरलेल्या दिवसात मी प्रबंध लिहायचे. विषय होता निजामाविरुद्ध लढलेल्या सशस्त्र छावण्यांमधला बायकांचा वाटा. माझे मार्गदर्शक सर दर भेटीत तेच म्हणायचे, "कागद दाखवा. कागद नसेल तर ते प्रकरण गाळा."

कागद नांदेडला होते. तिथल्या एका दप्तरखान्यात, लाल रुमालात बांधलेली, इस्लापूरकडच्या जंगलातल्या एका छावणीची रोजनिशी मला मिळाली. बंदुका किती, पहाऱ्याला कोण, सगळं नोंदलेलं. बायका कुठेच नाहीत, फक्त त्यांच्या भाकरी. त्याही तक्रारीपुरत्या: 'आज भाकरी करपलेल्या आल्या.' काही पानांनी पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. जीव मुठीत धरून कुणीतरी भाकरी थापतंय आणि हे महाराज पाटावर बसलेल्या जावयासारखे नावं ठेवताहेत! तेवढ्याच ओळी उतरवून घेतल्या आणि परतीची एसटी पकडली.

लातूरला मी भाड्याने राहायचे. घरमालकीणकाकूंची आई चाकूरकडच्या गावाहून लेकीकडे आली होती, तिकडची विहीर आटली म्हणून. संध्याकाळी ती चुलीपुढे बसली असताना मी त्या ओळी तावातावाने वाचून दाखवल्या. काकू हसल्या. आजी हसली नाही. तिची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"कुन्या गावाकडची छावनी म्हन्लीस?"

"इस्लापूरकडची."

"हाव, माझं माहेर हाय ते. त्या भाकरी माझ्याच हातच्या, पोरी. मुद्दाम जाळायची मी." काकू आईकडे बघतच राहिल्या. त्यांनाही हे नवीन होतं. आजी सांगू लागली, "लगीन व्हायचं होतं तवा माझं. माझा भाऊ होता त्या छावनीत. त्यानंच सांगून ठिवलं होतं, गावात पोलीस आले की भाकरी करपव, आमी समजून घेऊ. कुनाला बोलायचं न्हाई, आईला बी न्हाई. आई लई शिव्या द्यायची, दाना वाया घालवते म्हनून."

"आणि त्यांना समजायचं?"

"तेच तर ठाव न्हाई. गुराखी भाकरीचं फडकं घेऊन जायचा, त्याला बी कायी ठाव नव्हतं. अन् भाऊ तिकडंच तापानं गेला. इचारायचं कुनाला?" तिने माझ्या वहीकडे बोट केलं. "फुडं काय लिवलंय?"

पुढचं मी उतरवलंच नव्हतं. बायकांपुरतं तेवढं घेतलं होतं, छावणीचं बाकी सोडून दिलं होतं. आजीचं बोट वहीवरून हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्या बघून येते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नांदेडला रुमालाची गाठ काही केल्या सुटेना. या कागदात काहीच नसलं तर त्या बाईला काय सांगायचं, हीच धास्ती होती. शेवटी पान उघडलं. करपलेल्या भाकरींच्या खालीच, त्याच अक्षरात: 'अंधार पडताच तळ हलवला.' पुढची तक्रार काढली, तिच्याखालीही तेच. प्रत्येक वेळी तेच. लिहिणाऱ्याने दोन गोष्टींचा संबंध कुठेच जोडला नव्हता. खूण फुटू नये म्हणूनही असेल. सरांना दाखवायला कागद मिळाला होता, पण मला घाई होती ती घर गाठायची.

आजी ओट्यावर वाट बघत बसली होती. मी एकेक ओळ वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजे पोचत होतं."

"दर वेळी पोचत होतं, आजी."

बराच वेळ ती पदराने डोळे पुसत राहिली आणि मीही. मग एकदम हसली.

"आई असाया पायजे होती आज," ती म्हणाली. "दाना वाया न्हाई गेला, मी म्हन्ली असती तिला."