परीक्षेत लागलेलं कुंकू

शेजारणीचं कुंकवाचं बोट माझ्या सुनेच्या कपाळाला टेकलं आणि मागून आणलेल्या लॅपटॉपवरची परीक्षा थांबली. पडद्यावर लाल पट्टी आली.

"कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसलं म्हणतंय, आत्ती. बंद केली परीक्षा," सून म्हणाली.

शेजारीण करंडा धरून उभीच. "मी काय केलं गं? हळदीकुंकवाचं सांगायला आलते."

आमच्या कंग्राळी गावात सवाष्णीला बोलवायचं तर कुंकू लावून बोलवतात. नुसतं तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. मी विधवा, मला कोणी बोलवत नाही, म्हणूनच सुनेनं मला दारात राखणीला बसवलं होतं. मी बाईला अडवलंही होतं.

"आत परीक्षा चाललीया. जाऊ नको."

"एक बोट लावते नि जाते, आक्का. ती काय बाळंतीण हाय व्हय, दार लावून बसायला?"

मी गुडघे धरून उठेपर्यंत ती आत पोचली.

सून शहरात खडेबाजाराजवळच्या एका बालवाडीत शिकवते. शाळेनं सांगितलं होतं, जूनच्या आत प्रमाणपत्र आणा, नाहीतर दुसरी बाई बघतो. त्या प्रमाणपत्राचा कोर्स मोबाईलवर फुकट होता. शिकवणं सगळं इंग्रजीत. भाकरी थापताना ती तेच तेच व्हिडिओ पुन्हा लावायची.

मी चौथी शिकलेली. मला एकदा शाळेतून घालवलं, तेव्हा माझा बाप मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसला होता. त्यांनी मला परत घेतलं. इथं कुणाच्या ओट्यावर बसायचं? माणूस नाही, फोन नाही. तक्रार लिहायला एक रिकामी चौकट तेवढी.

कुंकवाचं इंग्रजीत कसं सांगायचं, तिथं सून अडली.

"खरं तेच लिही," मी म्हटलं. "बाई आली, कुंकू लावलं, उत्तर काय सांगितलं न्हाय."

"वाचणारं माणूस हाय का मशीन, तेच ठाव न्हाय, आत्ती."

मग वाट बघणं. दूध उतू जायचं आणि तिची नजर मोबाईलवर. रात्री ताटावरून तशीच उठायची. मुलगा म्हणाला, सोड नाद. ती त्याच्याशी बोलेना. शेजारीण रोज उंबऱ्याबाहेरूनच विचारायची, "आलं काय गं?" शाळेनं दुसऱ्या बाईला भेटायला बोलावल्याचं कळलं, त्या दिवशी मलाही घास गेला नाही.

मे संपत आला तेव्हा उत्तर आलं. एकदाच परत बसा.

त्या दिवशी मी पुढचं दार लावलं, मागचंही लावलं. शेजारीण आपण होऊन माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली आणि दूधवाल्यालासुद्धा तिनं हातानंच परतवलं. आतून आवाज नाही.

प्रमाणपत्र शाळा उघडायच्या आत आलं. नोकरी टिकली.

गल्लीतल्या पाच जणींनी तो कोर्स धरला होता. एकीचा मोबाईल नवऱ्यानं काढून घेतला, एक बाळंतपणाला माहेरी गेली, दोघींना इंग्रजी झेपलं नाही. शेवटापर्यंत गेली ती एकटी माझी सून.