मामांचं डोंगरावरचं पित्त

नमस्काराच्या आधी ‘छातीत जळतं का?’ असं विचारणारा माणूस अख्ख्या मावळात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. कामशेतच्या बाजारात मामांचं तांदळाचं दुकान. पण तांदळापेक्षाही त्यांचा जास्त विश्वास आपल्या एका सिद्धांतावर: माणूस जितका उंचावर राहतो, तितकं त्याचं पित्त वर चढतं. ‘‘डोंगरावर त्याला घशापतुर यायला कितीसा येळ, जावईबापू?’’ लोणावळ्याला निघाले की मळवली सुटताच ते पित्ताची गोळी चघळायला घेत. कामशेत आणि लोणावळ्याच्या उंचीत फारसा फरक नाही, हे मी एकदा त्यांना नकाशात दाखवलं. मामा म्हणाले, ‘‘नकाशा सपाट असतो.’’ मामांच्या मुलासाठी लोणावळ्याची मुलगी बघायला गेलो, तर पोहे यायच्या आत यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, ‘‘आंबट ढेकरा येत्यात का?’’ ते बिचारे ‘येतात’ म्हणाले. मामा इतके खूश झाले, की लग्न तिथेच ठरलं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या थोरल्या बहिणीत होतं. आक्का भाजे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या एका वाडीत एकट्या राहत. त्यांनी खाली कामशेतला यावं म्हणून मामांनी घरातली एक खोली रंगवून घेण्यापासून सगळे उपाय केले होते. शेवटी पित्त पुढं केलं. एका रविवारी मी त्यांच्याबरोबर वर गेलो. मामांनी घरोघर चौकशी केली. निम्म्या वाडीला जळजळ निघाली आणि मामांची छाती फुगली. आक्का मात्र म्हणाल्या, ‘‘मला काय बी न्हाई.’’

पण जेवताना त्यांनी भाकरी अर्धी टाकली आणि पदराखाली हात घालून छाती चोळत मागच्या दारी गेल्या. मामा उठून मागोमाग गेले. ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ हे वाक्य आता येणार, म्हणून मी वाट पाहत होतो. ते आलंच नाही.

‘‘आक्का, कवापासनं?’’

‘‘लय दिस झालं. तुला सांगितलं असतं, तर तू मला खाली न्हेलं असतंस.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना कामशेतच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेला चांगलीच सूज होती. रिकाम्या पोटी कोरा चहा आणि मिश्री, दोन्ही बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. मग औषधं लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, ‘‘आजी राहतात कुठं?’’ आक्कांनी मामांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मामांनी सारं आयुष्य ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आपल्या पायांनी चालत आला होता.

मामा घसा खाकरून म्हणाले, ‘‘वर, डोंगरावर. पण डॉक्टर, पित्ताचा आन् उंचीचा काय संबंध?’’

आक्का हसल्या, आणि आठ दिवसांनी बरं वाटताच वर निघून गेल्या.

मामा आता कुणालाच जळजळ विचारत नाहीत. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. आक्कांसाठी रंगवून घेतलेल्या खोलीत सुगीला तांदळाची पोती छतापर्यंत लागतात. खिडकीजवळ खाटेपुरती जागा मात्र मामा हमालांना भरू देत नाहीत. ‘‘हवा खेळाया पायजे,’’ म्हणतात.