सरांनी काढलेल्या चार ओळी

माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहून नेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवलाय. बटणं वगैरे काही नाहीत; काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची, की तो कामाला लागतो. कोणीही बदल सुचवावा, मी तपासून घ्यावा, अशी पद्धत. सरांनीही बदल सुचवले, कारण त्यांचा त्यात जीव अडकला होता. नोकरीभर त्यांनी भूमितीचं एक पुस्तक लिहिलं होतं. अंबडला कोर्टासमोर बसणाऱ्या एका टायपिस्ट चाचांनी ते टाइप करून दिलं. पुढे चाचा गेले, हस्तलिखिताला वाळवी लागली. उरली एकच फाइल, भोकरदनला सरांच्या कॉम्प्युटरवर, तीही जुन्या फॉन्टातली.

सरांचा पहिलाच बदल आला: 'सफाई'. माझ्या कोडमध्ये चार ठिकाणी जवळपास सारखीच ओळ होती: इथे बिघडलं तर पसारा आवरा आणि फसलं असं सांगून बाहेर पडा. प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम झालं, दुसरा कुठलाही म्हणजे फसलं. सरांनी त्या चारही ओळी काढून शेवटी एकच ठेवली, आणि तिथे होता शून्य. काम होवो न होवो, उत्तर आपलं एकच: झालं. शेवटची पायरी चुकली म्हणून माझ्या अख्ख्या गणिताचे मार्क कापणारा हा माणूस!

मला बघताक्षणी दिसलं. दुसरा कोणी असता तर दोन शब्दांत सुनावून परत पाठवलं असतं. सरांना मी लिहिलं, "सर, खूपच सुटसुटीत झालंय. शेवटच्या भागावर सवडीने एकदा नजर टाकाल का?" सरांनी नजर टाकली आणि दोन रिकाम्या ओळी कमी केल्या. मग फोन.

"अगं, रोज सकाळी बसून राह्यलो त्याच्यावर. आता बराबर झालं ना?"

"छान आहे, सर. फक्त तेवढं शेवटचं..."

"शेवटचं तर बिलकुल साफ केलं मी!"

आठवडाभर हेच चाललं. फोन ठेवला की मी घरातल्यांवर खेकसायची. चाळिशीला आलेली बाई, रोज परक्या लोकांच्या चुका काढून पोट भरते, आणि सरांपुढे अजून बाकाजवळ उभी! स्वतःचाच इतका राग यायचा की लॅपटॉप आपटून बंद करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'सर, सवडीने' लिहायची.

नवव्या दिवशी दुपारी सरांचा आवाज वेगळाच आला. माझ्या होकाराची वाट न बघता त्यांनी आपलीच आवृत्ती पुस्तकावर चालवली होती. शून्य आला की जुनी फाइल पुसायची, असं पुढे जोडलंही होतं. तिसऱ्या प्रकरणात एका अनोळखी चिन्हाला प्रोग्रॅम अडला, थांबला, शून्य म्हणाला. जुनी फाइल पुसली गेली.

"त्रिकोणापर्यंतच हाय गं. वर्तुळ न्हाई, पुढचं काहीच न्हाई. परत येईल ना?"

मिळेल ती एसटी पकडून मी भोकरदनला गेले. संध्याकाळपर्यंत खटपट केली. काही मिळालं नाही.

सर शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. मग चष्मा लावून त्यांनी आपला कोड पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचला. शेवटी बोट थांबलं.

"हा शून्य. माझीच चूक हाय." मग माझ्याकडे वळले. "पण तू तपासत होतीस ना? तुला कधी दिसलं हे?"

"पहिल्याच दिवशी, सर."